भुईचाफ्याचे वाटे

फाल्गुनात भुईचाफा फुलला की माझ्या पोटात दुखते. हे काही वैद्याला सांगण्यासारखे दुखणे नव्हे, म्हणून आजवर कुणाला सांगितले नाही. घरच्या सुना समजतात, सासूबाईंना त्या फुलाचा वास सोसत नाही. समजोत बापड्या. वास मला चांगला सोसतो. सोसत नाही ते एवढेच की हे फूल माझे व्हायचे होते आणि ते यमूचे झाले. तेव्हापासून माझे दात गेले, धनी गेले, पुण्यातले राज्यही गेले, पण हे दुखणे जागचे हलले नाही. आता लिहिता हात चालतो आहे तोवर ते एकदा कागदावर उतरवावे म्हणते.

आमचे घर नारायण पेठेत, नदीच्या अंगाला होते. घर बेताचेच, परसू मात्र ऐसपैस. अण्णा, म्हणजे माझे वडील, श्रीमंत पेशव्यांच्या दफ्तरी फडावर कारकून होते. भाऊबंदांच्या वाटण्यांचे तंटे लिहून लिहून त्यांची अशी समजूत झाली होती की जगात दोनच जातीची माणसे असतात, एक वाटा मागणारी आणि दुसरी वाटा मागून थकलेली. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी मला बाळबोध अक्षरे शिकवली. त्यावर आईचे म्हणणे, "शिकवा, शिकवा. उद्या सासरी भाकऱ्या करपल्या म्हणजे का करपल्या ते लिहून देईल." पहाटे शनवारवाड्यावरचा चौघडा झडू लागला की आईचे जाते सुरू व्हायचे आणि जात्याच्या घरघरीत परसातला रहाट कुरकुरायचा. रहाटावर आत्या असे. अण्णांची थोरली बहीण. कात्रजच्या पाण्याचा हौद चार घरांपलीकडे होता, तरी झाडांना आडाचेच पाणी घालायचे असा तिचा हट्ट. हौदाचे पाणी माणसांसाठी, म्हणे. झाडांना शहरी सवयी लावू नयेत.

आत्याचे सासर कोकणातले. नवरा गेल्यावर ती घाट चढून भावाकडे आली तेव्हा दिरांनी दागिने ठेवून घेतले, भांडी ठेवून घेतली. परसातले कंद ठेवून जा असे म्हणायचे मात्र कुणाच्या ध्यानात आले नाही. जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेले ते भुईचाफ्याचे कंद एवढेच तिचे स्त्रीधन. लाल आलवणातली, कमरेत थोडी वाकलेली आत्या माझ्या आठवणीत नेहमी उकिडवी बसलेलीच दिसते आणि तिच्या हाताला नेहमी माती असते. फक्त सोवळ्याच्या वेळेला नसे, आणि तेवढ्या वेळात ती बेचैन असे.

भुईचाफा हे मोठे विक्षिप्त झाड आहे. पावसाळाभर त्याला हात हात लांब पाने येतात, पाठीमागून जांभळट. तेव्हा आपण म्हणावे, आता फुलेल. ते फुलत नाही. दिवाळी सरली की पाने पिवळी पडतात, वाळतात, नाहीशी होतात आणि उरते नुसती उघडी जमीन. तिथे काही आहे असे सांगूनही खरे वाटू नये. आत्या त्या जागेभोवती नदीतले गोटे मांडायची आणि आम्हाला बजावायची, "इथे पाय नको, पाणी तर नकोच नको. झोपला आहे तो. झोपलेल्याच्या तोंडात कुणी पाणी ओततं का?" मग फाल्गुनात, उन्हाचा कडाका सुरू होताना, एका सकाळी त्या कोरड्या भुईतून, पान नाही, देठ नाही, थेट फूल वर आलेले असे. पांढऱ्या पाकळ्या आणि आत जांभळी जीभ. त्याचे आयुष्य एका दिवसाचे. सकाळी उमलले की संध्याकाळी मान टाकली. पहिले फूल देवाला, दुसरे माझ्या वेणीत. आत्याला फूल माळायचे नव्हते आणि आईला सकाळच्या कामात सवड नव्हती. त्यामुळे तिसऱ्या फुलाचे काय करायचे हा प्रश्न यमू येईपर्यंत कधी पडलाच नाही.

एक वर्षाआड माघात आत्या सगळे कंद उकरून काढी आणि नव्या मातीत लावी. आमच्या पुण्याची माती काळी, चिकट. पाणी धरून बसते. आत्या म्हणे, कोकणातला कंद हिच्यात गुदमरतो. म्हणून नदीतली वाळू, पाचोळ्याची कुजलेली माती आणि जुने शेण असे कालवून ती नवी जागा तयार करी. उकरलेला कंद मोठा गमतीचा दिसतो. मध्ये ओबडधोबड, सुरकुतलेला, आल्यासारखा एक गड्डा आणि त्याला दोऱ्यांनी लोंबणारे गुळगुळीत, गोल गोळे. मी त्यांना मोती म्हणत असे. नवरदेवाच्या मुंडावळ्यांसारखे ते हलायचे. ते मोती ओल्या फडक्याने पुसणे हे माझे काम. पुसताना हाताला कापराचा आणि आल्याचा मिळून एक वास लागे आणि तो दुपारच्या जेवणात भातालाही येई. आई म्हणायची, हात धुऊन ये. मी न धुताच जेवत असे.

मग यमू आली. अण्णांचे धाकटे भाऊ कोकणातच राहिले होते. ते आणि काकू पटकीने एकाच आठवड्यात गेले आणि त्यांची ही एकुलती मुलगी घाटावर येणाऱ्या मंडळींबरोबर आमच्याकडे पोचती झाली. माझ्याहून थोडी लहान. काळीसावळी, हडकुळी, तोंडभर डोळे. ओसरीवर उभी राहिली ती पुढे पाऊल टाकेना. आत्या आतून धावत आली, तिला पोटाशी धरले आणि म्हणाली, "अगो, दमलीस गो बाय माझी!" मी आत्याच्या तोंडचे ते 'अगो' पहिल्यांदाच ऐकले. आमच्याशी ती पुण्यासारखी बोले. ती बोली तिने कुठे जपून ठेवली होती कोण जाणे, ती यमूसाठी बाहेर निघाली.

त्या दिवसापासून परसात दोघींच्या गोष्टी सुरू झाल्या. फणसाच्या गऱ्यांच्या, खाडीच्या, पावसात चुलीवर वाळवायच्या लुगड्यांच्या. मी घाट कधी उतरले नव्हते. समुद्र खारा असतो एवढेच अण्णांनी सांगितले होते. मी मध्येच म्हणे, "आत्या, आमच्या नदीला कालपासून पाणी वाढलंय." आत्या म्हणे, "हो का?" आणि पुन्हा खाडीवर जाई. आईबाप गेलेल्या मुलीचा हेवा करू नये हे मला कळत होते. कळत होते म्हणून तर राग दुप्पट येत होता, कारण तो बोलून दाखवायची सोय नव्हती.

आणि तिचा तो चांगुलपणा! आई तव्यावरून थालीपिठे काढून ठेवी. यमू नेमके लहान, कडेला करपलेले उचली. गुळाचा खडा लहान, बसायचा पाट मोडका, अंथरूण दाराशी वाऱ्यात. आई लगेच म्हणे, "बघ जानकी, शीक काही. गुणाची पोर आहे." मी म्हटले, "तिला करपलेलंच आवडतं." आई म्हणाली, "हो, आणि तुला लोण्याचा गोळा आवडतो. आवडीच अशा असतात एकेकाच्या." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मीही एकदा करपलेले थालीपीठ उचलून पाहिले. ते कुणाच्या लक्षातही आले नाही, आणि वर ते कडू लागले.

पुढच्या माघात आत्याने कंद काढले. मी फडके भिजवून आणेपर्यंत यमू तिच्या पुढ्यात बसून मोती पुसत होती. आत्या तिला हलक्या आवाजात सांगत काहीतरी दाखवत होती. मी फडके घेऊन उभीच. "आत्या, ते माझं काम आहे," मी म्हटले. आत्या वर न बघता म्हणाली, "काम काय पळून जातंय? तिकडची वाळू चाळ तू." मी वाळू चाळली. एवढी चाळली की तिचे पीठ झाले असते. त्या फाल्गुनात पहिले फूल देवाला गेले, दुसरे माझ्या वेणीत आणि तिसरे यमूच्या. तिसरे दुसऱ्याहून मोठे होते. आत्या म्हणाली, सारखीच आहेत. सारखी नव्हती. मी दोन्ही बघितली होती.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात परसात घूस शिरली. पुण्याच्या घुशींना कुणाचा धाक नाही. श्रीमंतांच्या कोठारात शिरतात त्या आमच्या परसाला काय भितात? तिने वाफा आतून पोखरला हे पाने होती तोवर कळलेच नाही. त्याच हिवाळ्यात काशीला जाणाऱ्या मंडळींचा मेळा जमत होता आणि आत्याने अण्णांना सांगितले की आपण त्यांच्याबरोबर जाणार, आणि परत येणार नाही. देह तिथेच ठेवायचा. अण्णांनी हातातला बोरू खाली ठेवला. मग म्हणाले, "अक्का, तुझं इथे काही कमी झालं का?" आत्या म्हणाली, "कमी काही नाही रे. पुरे झालं." आई पदर डोळ्यांना लावून आत गेली. यमू रडू लागली. मला रडू यायच्या आधी एकच विचार आला, तो लिहूनच टाकते: ही गेल्यावर कंद कुणाचे?

कारण कंद जिला मिळतील ती आत्याची. माझा हिशेब इतका सरळ होता. दोघींतली खरी लाडकी कोण हे आत्याने तोंडाने कधी सांगितले नसते. आता तिला हाताने सांगावे लागणार होते.

कंद काढायचे ते वर्ष नव्हते, तरी जायचे म्हणून माघात तिने वाफा उकरला. कुदळीखाली पोकळ माती निघाली, कुरतडलेल्या साली निघाल्या आणि एका कोपऱ्यात एकच गड्डा सापडला. कंद म्हणून उरला तो एवढाच, पण मोत्यांनी लदलेला. आत्या तो हातात धरून बसून राहिली. मी म्हटले, "आत्या, हा मी सांभाळीन." यमू नुसती बघत राहिली, आणि तिचे ते बघणे माझ्या बोलण्याहून मोठे होते. मग मी ओरडले, यमू रडली, आई लाटणे घेऊन बाहेर आली आणि अण्णा संध्येवरून उठून आले. काय झाले ते ऐकून घेऊन त्यांनी फडावर सांगतात तसा निवाडा सांगितला. "थोरल्याने वाटे घालावेत, धाकट्याने आधी उचलावा. रिवाज आहे. भांडायचं कारण नाही." ज्या रिवाजाने वतने आणि वाडे वाटले जात, त्याच रिवाजाने आमच्या परसात एक गड्डा वाटला जायचा होता. थोरली मी. वाटे मी घालायचे.

आत्याने गड्डा माझ्या हातात दिला. म्हणाली फक्त, "नीट बघून घाल हो."

आता मी काय केले ते ऐका. दुसऱ्या कुणी दोन वाटे सारखे घातले असते, कारण आधी उचलणारा मोठा वाटा पळवणार हे ठरलेले. पण मी यमूला ओळखत होते. तिच्यापुढे लहानमोठे ठेवले की ती लहान उचलणार, सगळ्यांदेखत उचलणार, आणि आई तिची वाखाणणी करणार. म्हटले, करू दे आईला वाखाणणी. मी सगळे टपोरे मोती एकेक करून तोडले आणि केळीच्या पानावर एका बाजूला त्यांची रास केली. दुसऱ्या बाजूला तो सुरकुतलेला, काळपट, मोत्यांवाचून बोडका झालेला गड्डा ठेवला. अण्णांनी भुवया वर केल्या. "हे वाटे?" मी म्हटले, "हो." आत्या पानाकडे पाहत होती. तिच्या ओठाच्या कडेला काहीतरी हलले.

यमू पुढे आली. तिने मोत्यांकडे पाहिले, अगदी पुरते पाहिले. मग वाकून गड्डा उचलला. "मोठं मन गो पोरीचं," आत्या म्हणाली. आईने तर तिचे तोंड कुरवाळले. मी ओटीत मोती भरून घेतले. त्या क्षणी मला कुणाच्याही कौतुकाची गरज नव्हती.

आठवड्याभरात आत्या निघाली. वेशीपर्यंत आम्ही सगळे गेलो. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, यमूच्या कानात काहीतरी सांगितले आणि मेण्यात न बसता पायी चालू लागली. तिने मागे वळून बघितले नाही. माझ्या कानात काहीच सांगितले नव्हते.

मी माझे मोती उत्तम मातीत लावले होते. यमूने आपला गड्डा आडाच्या पलीकडे कुठेतरी पुरला होता. फाल्गुन आला. आडाच्या पलीकडे एका सकाळी फूल आले. दुसऱ्या सकाळी आणखी एक. माझ्या जागी काही नाही. मी रोज बघे. माझे मोती मोठे आहेत, त्यांना वेळ लागत असेल, असे स्वतःला सांगे. शेवटी न राहवून उकरले. मोती जसेच्या तसे होते, टपोरे, गुळगुळीत, सुंदर. कुजलेसुद्धा नव्हते. फक्त त्यांतून काहीही यायचे नव्हते. उसाच्या कांड्याला असतो तसा डोळा कंदाला असतो, आणि भुईचाफ्याचा डोळा त्या कुरूप गड्ड्यावर असतो. मोती म्हणजे नुसती शिदोरी. ही अक्कल मला पुढे सासरच्या वैद्यबुवांनी दिली, तीही सुजेवर लावायच्या लेपासाठी ते कंद उगाळत असताना.

चैत्रात आईने गौर बसवली. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांच्या ओट्या, कलिंगडाची कापलेली कमळे, सगळे साग्रसंगीत. गौरीपुढे चांदीच्या वाटीत यमूचे शेवटचे फूल. पेठेतल्या साऱ्या बायका हळदीकुंकवाला आल्या आणि प्रत्येकीने विचारले, हे कुठले फूल, कुणी लावले. आई यमूला पुढे करी. मी हरभरे वाटत होते. एका बाईंनी मला विचारले, "आणि तू काय लावलंस गं?" मी म्हटले, "मी वाळू चाळली." त्या हसल्या. मला हसायचे नव्हते.

पुढे दोघींची लग्ने झाली. मी पुण्यातच राहिले, यमू साताऱ्याला गेली आणि कंद घेऊन गेली. आत्या काशीत गेल्याची बातमी मंडळी परतली तेव्हा कळली. साताऱ्याहून येणारेजाणारे सांगत, यमूबाईंच्या परसात फाल्गुनात पाऊल ठेवायला जागा नसते. मी म्हणे, वा. आणि आत जाऊन विनाकारण डाळ निवडायला घेई. यमूने मला मुलांच्या बारशाला दुपटी पाठवली, मेतकूट पाठवले, एकदा तर लोणच्याची बरणी. कंद कधी पाठवला नाही. मी मागितला नाही. मागण्यापेक्षा तोंडाचे बोळके झालेले मला परवडले असते, आणि झालेही तसेच.

या माघात यमू नातवाच्या मुंजीसाठी पुण्यात आली आणि मुद्दाम माझ्याकडे आली. दोघीही आता आत्यासारख्या, लाल आलवणात, कमरेत वाकलेल्या. ओसरीवर बसलो. सुनेने दूध आणले, मोठा पेला आणि लहान पेला. यमूने लहान उचलला. माझा इतक्या वर्षांचा संयम त्या पेल्याने संपवला.

"यमू," मी म्हटले, "तुला तेव्हा ठाऊक होतं?"

काय, असे तिने विचारले नाही. पेला खाली ठेवला. "ठाऊक होतं. आत्याने आदल्या माघात दाखवला होता डोळा. तू वाळू चाळायला गेली होतीस."

"म्हणजे तिला तो तुलाच द्यायचा होता."

"तसं नाही गो. जाताना वेशीपाशी माझ्या कानात काय म्हणाली, ऐकायचंय? म्हणाली, रुजला, वाढला, की निम्मा जानकीला दे. तिच्या हाती पडला असता तर ती तुला द्यायची नाही. तू देशील."

आत्याने मला चांगलेच ओळखले होते, त्यात वाद नव्हता. मग मी म्हटले, "पण तू दिला नाहीस."

"नाही दिला."

"का?"

यमूने पेला दूर सारला. मग एकदम, लहानपणी कधी बोलली नाही इतक्या तिखट आवाजात म्हणाली, "का म्हणून देऊ? तुला आई होती. बाप होता. तू लोण्याचा गोळा मागायचीस आणि तो तुला मिळायचा. मला करपलेलं आवडत होतं असं वाटलं तुला? तुला अक्षर येत होतं, अण्णा तुला मांडीवर घेऊन गिरवून घ्यायचे, मी दाराआडून बघायची. तुझ्याजवळ नाही असं माझ्याजवळ एकच होतं. दर वर्षी म्हणायची, या माघात पाठवीन. आणि दर वर्षी माझ्या पोटात दुखायचं."

मला राग यायला हवा होता. निम्मा कंद माझा होता, आत्याने तो स्वतःच्या तोंडाने मला दिला होता, आणि हिने जन्मभर दाबून ठेवला होता. पण खरे सांगते, मला गुदगुल्या झाल्यासारखे झाले. साऱ्या जन्मात कुणी माझा हेवा केला असेल हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते, आणि केला तो यमूने, तोही असा घट्ट, मुरलेला, माझ्यासारखाच. मी म्हटले, "म्हणजे आत्या माझ्याबाबतीत बरोबर निघाली आणि तुझ्याबाबतीत सपशेल चुकली." आणि मी हसत सुटले. यमूही हसली. सून आतून बघायला आली, सासूबाईंना काय झाले म्हणून.

जाताना यमूने कनवटीचे धडपे सोडून माझ्या हातात गड्डा ठेवला. काळपट, सुरकुतलेला. एकही मोती नाही. "मोती मी काढून घेतले," ती म्हणाली. "तुझ्या वाट्याला एकदा आले होते."

मी तो परसात लावला, गोटे मांडले, सुनांना पाणी घालू दिले नाही. आज सकाळी फूल आले. पहिले फूल देवाला हे मला ठाऊक आहे, पण देवाला मी आज थांबायला सांगितले. ते खुडून मांडीवर घेऊन मी ओसरीवर बसले ती अजून बसले आहे. उन्हे कलली आहेत, फुलाने मान टाकायला सुरुवात केली आहे, आणि माझ्या हाताला आल्याचा, कापराचा तोच वास येतो आहे. आत्याने पाठवलेले फूल शेवटी पोचले. एवढे सुख पुष्कळ झाले असे मनाशी म्हणते आणि म्हणता म्हणता साताऱ्याच्या वाटेकडे नजर जाते. यमूच्या परसात आज किती आली असतील? माझ्यासारखे एकच तर खास नसेल.